प्रोटीनचा डबा आणि सकाळची चहा-खारी

गेल्या रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात तरावीह पढून घरी येतोय तोच एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांचा फोन आला. पोरगा दवाखान्यात होता. वय एकवीस, पोलीस भरतीची तयारी करणारा, वर्गात मागच्या बाकावर बसूनही मराठीचे निबंध चांगले लिहिणारा. दोन दिवसांपूर्वी जिममध्ये दोस्तांशी पैज लागली आणि त्यानं एका दमात तीनशे बैठका मारल्या. रोजा होता. वेळ असरच्या थोडी आधीची, म्हणजे पहाटेपासून पाण्याचा थेंब पोटात नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या झाल्या. पोरं म्हणाली, "मसल पंप झालंय, मजा कर." तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी काळपट आली, तेव्हा कुठे घरात सांगितलं.

डॉक्टरांनी वडिलांना समजेल अशा भाषेत सांगितलं. स्नायू इतके फाटलेत की त्यांच्यातला मायोग्लोबिन नावाचा पदार्थ रक्तात उतरलाय आणि मूत्रपिंडाचा गाळणा तुंबायला लागलाय. या आजाराला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. पाच दिवस सलाईन चाललं. किडनी वाचली, अल्हम्दुलिल्लाह. रिक्षा चालवणाऱ्या माणसाला डायलिसिस परवडलं असतं का, हा विचार आम्ही दोघांनीही बोलून दाखवला नाही.

मी भेटायला गेलो तर कॉटशेजारच्या कपाटावर खजुराचं पाकीट, दोन मोसंबी आणि त्यांच्यामागे प्रोटीन पावडरचा काळा डबा. किंमत 3200 रुपये, आईच्या भिशीतून घेतलेला. मला बघून पोरगा अर्धा उठून बसला आणि पहिला प्रश्न विचारला, "सर, डॉक्टर हे बंद कर म्हणतात. पण रिकव्हरीला हे लागतंच ना?"

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञानाचा तास माझा नाही. पण शिक्षकाला एक खोड असते, प्रश्न विचारला की तो घरी घेऊन जातो. त्या प्रश्नावर मी दोन महिने वाचतोय, डॉक्टर झालेल्या जुन्या विद्यार्थ्यांना पिडतोय. जे मला पटलं ते इथे लिहितो, कारण आपल्या मोहल्ल्यांत आता पानटपऱ्यांइतक्या जिम झाल्यात आणि पोरं पानटपरी सोडून तिकडे जातात याचा मला आनंदच आहे.

आधी दुखण्याविषयी. व्यायामानं स्नायूत बारीक बारीक चिरा पडतात. उतारावरून धावताना, बैठकीत खाली जाताना, वजन हळूहळू खाली आणताना त्या जास्त पडतात. शरीर त्या सांधतं आणि सांधताना धागा थोडा जाड करतं, म्हणून ताकद वाढते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकतं ते या दुरुस्तीचं. लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे ठणकतं असं अजून अनेक जिममध्ये सांगतात, ते चूक आहे. ते व्यायाम थांबल्यावर तासाभरात निघून जातं. म्हणजे ताकद व्यायाम करताना वाढत नाही, ती नंतर वाढते. जेवताना आणि झोपेत. आपली पोरं मात्र दीड तासाच्या व्यायामाचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवतात आणि उरलेल्या साडेबावीस तासांचं कुणीच लिहीत नाही.

म्हणून मी त्या पोराला शाळेतल्यासारखं कामच दिलं. म्हटलं, रमजानच्या आधीचा एक साधा दिवस आठव आणि काय काय खाल्लंस ते कागदावर लिही. लाजत लाजत त्यानं लिहिलं. पहाटे पाचला उपाशीपोटी आठ किलोमीटर धावणं. सातला चहा-खारी. आठला पावडरचा एक चमचा पाण्यात. दुपारी तीन चपात्या आणि भाजी. संध्याकाळी समोसा-चहा. मग जिम, मग पावडरचा दुसरा चमचा. रात्री भात आणि पातळ डाळ. मटण शुक्रवारी किंवा रविवारी.

आम्ही दोघांनी बसून हिशेब केला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं साध्या प्रौढ माणसासाठी रोज किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. याचं वजन 62 किलो, म्हणजे साधारण 51 ग्रॅम. पण जोरदार व्यायाम करणाऱ्याला किलोमागे 1.4 ते 2 ग्रॅम लागतात, हे क्रीडा-आहाराच्या अभ्यासकांनी मान्य केलंय. मधला आकडा धरला तरी शंभर ग्रॅम. त्याच्या ताटातून येत होती जेमतेम पस्तीस. उरलेली अठ्ठेचाळीस डब्यातून, तीही डब्यावरचं लेबल खरं असेल तर.

इथे मला कबूल केलं पाहिजे की मी दवाखान्यात डब्याविरुद्ध भाषण तयार करून गेलो होतो. हिशेबानं माझं भाषण पाडलं. स्वयंपाकघरापेक्षा डबाच पोराला जास्त देत होता. डब्यात जादू नाही तसं विषही नाही. चीज बनवताना दुधाचं जे निवळ पाणी सुटतं, त्यातून काढलेली प्रथिनं वाळवली की व्हे तयार होतं. दुधाचंच लेकरू आहे ते.

मग गडबड कुठे होती? ती प्रथिनांच्या रकान्यात नव्हती, भाकरीच्या रकान्यात होती. धावताना माणूस दर किलोमीटरला किलोमागे साधारण एक कॅलरी जाळतो. 62 किलोचा पोरगा आठ किलोमीटर धावला की पाचशे कॅलरी गेल्या, म्हणजे चार-पाच चपात्या. त्यावर त्यानं खाल्ली चहा-खारी. संध्याकाळी परत लोखंड उचलायला गेला. शरीराला जळण मिळालं नाही की ते प्रथिनंच जाळायला घेतं. शंभर रुपयांचा चमचा स्नायू सांधायच्या ऐवजी चुलीत जातो. सागवानाच्या फळ्या आणून पाणी तापवावं, तसा प्रकार. शिवाय चमचा पाण्यात घेतला की पोट भरल्यासारखं वाटतं, म्हणून आई नाश्त्याला बोलावते तेव्हा हा "नको, प्रोटीन घेतलंय" म्हणतो. घराघरात हे वाक्य मी ऐकलंय.

आणि ती अर्ध्या तासाची घाई. मैदानावरून पोरं घामाघूम होऊन डब्याकडे पळतात, अर्ध्या तासात घेतलं नाही तर मेहनत वाया जाते म्हणे. स्नायूंचं सांधकाम एक ते दोन दिवस चालू राहतं, त्याचा दरवाजा अर्ध्या तासात बंद होत नाही. दिवसभराची बेरीज महत्त्वाची, आणि ती तीन-चार वेळांत वाटून, दर वेळी वीस-पंचवीस ग्रॅम. घाई करायचीच असेल तर ती भात-भाकरी-केळ्याची करावी, तीही दिवसातून दोनदा व्यायाम करणाऱ्यानं. स्नायूंतला साखरेचा साठा सकाळी रिकामा झालेला असतो आणि संध्याकाळच्या आत तो भरायचा असतो.

आता पैशांचं बोलू. आमच्या सोलापुरात अंडं सात रुपयांना आहे. चार अंड्यांत चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं, अठ्ठावीस रुपये. डब्यातला एक चमचा तेवढीच प्रथिनं देतो आणि शंभराला पडतो. अर्धा लिटर दुधात सोळा ग्रॅम. सोयाबीनच्या वड्यांत शंभर ग्रॅमला पन्नास-बावन्न ग्रॅम, एवढं स्वस्त दुसरं काही नाही, पण आपल्या घरांत सोयाबीन म्हटलं की "हे काय मटण मिळत नाही म्हणून?" असा चेहरा होतो. खिम्यात अर्ध्याला अर्ध्या वड्या मिसळून बघा, मी घरी दोनदा करून वाढलंय, कुणी ओळखलं नाही. तिसऱ्यांदा बेगमनं ओळखलं, तो भाग वेगळा. शेंगदाण्यात पंचवीस टक्के प्रथिनं, आणि आम्हा सोलापूरकरांना कडक भाकरीवर शेंगाचटणी कुणी शिकवायला नको. धावणाऱ्या पोरानं ती बिनधास्त खावी. माझ्यासारख्या चाळिशीतल्या, पोट सुटलेल्या माणसानं चमचा मोजून, कारण निम्मं तेल असतं. कोकणातल्या वाचकांकडे सुकट-जवळा आहे, त्यांना मी काय सांगणार.

आणि आपला दालचा. डाळ, मटण, दुधी, वर भात. खिचडा किंवा हलीम घ्या, त्यात गहू आहे, तीन-चार डाळी आहेत, गोश्त आहे. दमलेल्या स्नायूला जे जे हवं ते एका वाडग्यात, शिजून मऊ झालेलं. कुठल्या आहारतज्ज्ञानं आखला असता तरी याहून बरा पदार्थ आखला नसता. पण हे आपण केव्हा खातो? मोहर्रमला, लग्नात, रमजानच्या संध्याकाळी बाजारात. आपल्याविषयी सगळ्यांचा समज आहे की हे लोक रोज मटण हाणतात. आपलाही तोच समज आहे. खरी गोष्ट अशी की आपण एका दिवशी अर्धा किलो खातो आणि पुढचे पाच दिवस चहा-खारी, चपाती-चटणी. शरीर चरबी साठवतं तशी प्रथिनं साठवून ठेवत नाही. शुक्रवारची बिर्याणी बुधवारच्या धावण्याला उपयोगी पडत नाही.

यात सगळा दोष सवयीचा नाही, हेही लिहिलं पाहिजे. गरीब मुस्लिम घरात आणि कितीतरी दलित घरांत स्वस्त प्रथिनं मोठ्याच्या मांसातून येत होती. मार्च 2015 मध्ये राज्यात बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचं चालतं, पण आमच्या मोहल्ल्यात तेव्हापासून दुकानं कमी झाली, भाव चढला आणि पिशवी घेऊन रस्त्यानं येताना माणूस मागे वळून बघायला लागला. बकऱ्याचं मटण रोजंदारीवाल्याच्या आवाक्यात नव्हतंच. ती जागा अंड्यानं आणि डाळीनं भरून निघायला हवी होती. आमच्या घरांत ती पावानं आणि खारीनं भरली. कायद्याविषयी जे म्हणायचं ते आपण म्हणत राहू, पण पोराच्या सकाळच्या ताटात दोन अंडी ठेवायला कुठल्या कायद्यानं अडवलेलं नाही.

स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्यानं अगदी आपुलकीनं विचारलं, "सर, रोज्यामुळेच झालं ना हे?" मी नाही म्हणालो. रोजा ठेवून माणसं शेतात राबतात, हमाली करतात. हकीम ओलाजुवान 1995 च्या फेब्रुवारीत रोजे ठेवून अमेरिकेत बास्केटबॉल खेळला आणि त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण मी स्वतःशी प्रामाणिक राहून पुढचंही सांगतो. बारा तास पाणी न पिता तीनशे बैठका मारणं हा रोज्याचा भाग नाही, तो पैजेचा भाग आहे. हाशिम आमलानं 2012 मध्ये ओव्हलवर नाबाद 311 केल्या तेव्हाही रमजान होता, आणि आपण प्रवासात आहोत म्हणून रोजे नंतर पूर्ण करू असं त्यानं सरळ सांगितलं होतं. 2025 मध्ये दुबईत भर सामन्यात मोहम्मद शमीनं पेय घेतलं तर आपल्यातल्याच काहींनी त्याला धारेवर धरलं. प्रवासी आणि आजारी माणसाला सवलत कुराणानं दिलीय, ती काढून घेणारे आपण कोण?

रमजानमध्ये व्यायाम करायचाच असेल तर जड व्यायाम इफ्तारनंतर, जेवण थोडं उतरल्यावर. इफ्तारच्या आधी हलकं चालणं-धावणं फार तर. रोजा खजूर-पाण्यानं सोडावा आणि मगरिबनंतर खरं जेवण करावं. आपण भजी-समोशांनी पोट भरून टाकतो आणि जेवायची वेळ येते तेव्हा भूक मेलेली असते. पाणी रात्रभर थोडं थोडं प्यावं. घामानं किलोभर वजन उतरलं असेल तर दीड लिटर लागतं, आणि सोबत मीठ, म्हणून ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचं सरबत कुठल्याही रंगीत बाटलीपेक्षा बरं. सेहरीला चहा-खारी नको, अंडी, दही, भाकरी. दह्या-दुधाची प्रथिनं सावकाश पचतात, रोज्यात तीच कामाला येतात. आणि झोप. तरावीह, मग मोबाईल, मग सेहरी असं महिनाभर चाललं तर कुठलाच आहार स्नायू सांधू शकत नाही. दुपारचा कैलुला ही सुन्नत आहे, ती मात्र पोरांना कधी आठवत नाही.

आणखी एक गोष्ट. डबा हलाल आहे का, असं मला पाच-सहा पोरांनी विचारलंय. रास्त प्रश्न आहे. चीज करताना वापरतात ते विरजण वासराच्या जठरातून काढलेलंही असू शकतं, गोळ्यांच्या आवरणात जिलेटिन असतं, तेव्हा लेबल बघून घ्यावं. पण लेबल म्हणजे वेद-कुराण नव्हे. केरळच्या डॉक्टरांनी आपल्या बाजारातल्या 36 प्रोटीन पावडरी तपासल्या, 2024 मध्ये तो अभ्यास छापून आला, तर जवळपास सत्तर टक्क्यांवर लिहिलेला प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला. काहींत बुरशीचं विषही होतं. आणि जी पोरं जिलेटिनची इतकी चौकशी करतात त्यांच्यातलीच काही जिमच्या मागच्या खोलीत दंडावर सुई टोचून घेतात, तेव्हा हलाल-हरामचा प्रश्न कुणाला पडत नाही. त्या सुईत स्टेरॉइड असतं, नाहीतर ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब कोसळला की भूलतज्ज्ञ देतात ते औषध. स्टेरॉइडनं शरीर स्वतःचं पुरुषी हार्मोन बनवणं थांबवतं, काळजावर आणि यकृतावर ताण येतो, आणि लग्न झाल्यावर मूल का होत नाही म्हणून बिचारी सून डॉक्टरांकडे खेटे घालते. दंड मात्र छान दिसतात.

हे सगळं मी त्या घरी जाऊन सांगत होतो. पोरगा तेव्हा घरी आला होता. आई मनापासून ऐकत होती. दाराच्या चौकटीला टेकून त्याची धाकटी बहीण उभी होती. एकोणीस वर्षांची. मध्येच म्हणाली, "सर, मी पण भरतीला बसणार होते. आठशे मीटर."

"होते म्हणजे?"

"दम लागतो. चक्कर येते. सोडलं."

भरतीत मैदानी चाचणी पन्नास गुणांची. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, दोघांना शंभर मीटर आणि गोळाफेक. मुलानं 1600 मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत मारलं तर वीसपैकी वीस. त्या दहा-पाच सेकंदांसाठी या घरानं भिशी मोडून डबा आणला होता. त्याच घरातली दुसरी उमेदवार त्याच मैदानावर, भावाच्या मागे तीन महिने पळाली, आणि तिच्या ताटात काय पडतंय हे कुणी बघितलं नव्हतं. मीही नाही. इतका वेळ मी त्या घरात बसून पोराचाच हिशेब करत होतो.

मी विचारलं, आपा, हिला अंडी देता का? "पोरीच्या जातीला गरम पडतात सर." दूध? "चहापुरतं." मटण? पुरुष आधी बसतात, मग मुलं, मग उरलेला रस्सा. हे त्या एकट्या माउलीचं घर नाही, माझंही घर असंच होतं. बकरी ईदला पहिली कढई कलेजीची चढते. लोह कशात भरपूर असतं म्हणाल तर कलेजीत. नमाजहून आलेले पुरुष ती पावासोबत संपवतात, आणि जिनं पहाटेपासून मसाला वाटला तिला कढई पुसायला मिळते. देशात 15 ते 49 वयाच्या शंभरपैकी 57 बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनं सांगितलं. रक्तात लोह नसेल तर स्नायूपर्यंत प्राणवायू पोचत नाही. मग आठशे मीटरला दम तर लागतोच, आणि आजचा थकवा उद्याही तसाच राहतो. तिथे पावडरचा डबा पालथा केला तरी उपयोग नाही.

पोरीची तपासणी करवली. हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणासोबतचा चहा बंद केला, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळायला सांगितलं.

हे लिहिताना ईद होऊन गेली आहे. पोराला डॉक्टरांनी हळूहळू धावायची परवानगी दिली, आठवड्याला थोडं थोडं वाढवत. डबा संपला, नवा आणला नाही. आणायचाच असेल तर शंभर ग्रॅमची बेरीज ताटातून नव्वदीपर्यंत ने, मग उरलेल्या दहासाठी आण, असं मी त्याला सांगितलंय. परवा त्यांच्या गल्लीतून जाताना आईनं हाक मारली. म्हणाली, तीस अंड्यांचा ट्रे आता आठ दिवसही पुरत नाही, एवढा खर्च कसा भागवायचा? मी म्हटलं, आपा, त्या डब्याच्या पैशात असे पंधरा ट्रे येतात. ती बोटांवर मोजायला लागली.

आतून पोरीनं वहीचा कागद आणून दिला. भावासारखाच रकाने पाडलेला. सकाळच्या रकान्यात दोन अंडी, एक भाकरी, शेंगाचटणी. त्याखाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, 800 मीटर, चार मिनिटं पाच सेकंद. तिला तीन मिनिटांच्या आत यायचंय. भरती कधी निघते ते बघू.